विरोळा ओळखायला शिका: पाण्याकाठच्या बिनविषारी सापाची पहिली ओळख

विनाकारण मारल्या जाणाऱ्या सापांची यादी कोणी केली, तर विरोळ्याचं नाव त्यात बरंच वर येईल असं मला वाटतं. अंगात विष नाही, माणसाच्या वाटेला जाण्याची इच्छा नाही, राहणं ओढ्यात, भातखाचरात, विहिरीत नाहीतर शेततळ्यात. पण स्वभाव तापट. डिवचला की मान चपटी करून पुढचं अंग उचलतो, फिस्कारतो, जोरात तोंड मारतो. बघणाऱ्याच्या तोंडून "नाग! नाग!" निघतं आणि कोणीतरी काठी आणायला पळतं.

आपल्याकडे त्याला कुठे दिवड म्हणतात, कुठे पाणदिवड. योहान श्नायडर या जर्मन शास्त्रज्ञाने १७९९ साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. आज त्याचं नाव फाउलिया पिस्केटर असं लिहितात. जुन्या पुस्तकांत झेनोक्रोफिस पिस्केटर सापडेल. साप तोच आहे, २०१८ च्या अभ्यासानंतर प्रजातीचं, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचं, नाव बदललं, त्यामुळे गोंधळून जाऊ नका. पाकिस्तानपासून भारत, नेपाळ, बांगलादेश, म्यानमारपर्यंत तो आढळतो. श्रीलंकेतला त्याचा भाऊबंद आता वेगळी जात मानतात.

साप ओळखायला नव्याने सुरुवात करणाऱ्यांना मी विरोळ्यापासूनच सुरुवात करायला सांगतो. तो जवळपास सगळीकडे आहे, दिवसाही दिसतो आणि त्याच्या तोंडावर अशी एक खूण आहे की ती एकदा डोळ्यात बसली की विसरत नाही. मात्र हा लेख साप हातात धरायला शिकवणारा नाही. लांबून ओळखायचं आणि ओळख पटल्यावरही त्याला त्याच्या पाण्यात राहू द्यायचं, एवढंच इथे शिकायचं आहे.

पायरी पहिली: आधी विषारी तोंडं पाठ करा

हे उलटं वाटेल, पण बिनविषारी साप ओळखण्याचा खात्रीचा रस्ता विषारी सापांवरून जातो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार साप तुम्हाला झोपेतून उठवून दाखवले तरी ओळखता आले पाहिजेत. नुसते फोटो पाहून भागत नाही, कारण फोटोत साप केवढा आहे ते कळत नाही. पुण्याजवळ असाल तर कात्रजच्या सर्पोद्यानात एक सकाळ घालवा. काचेआडून डोकं, मान, खवले, शेपटी, सगळं सावकाश बघा. जमलं तर वहीत काढा. चित्र चांगलं यायला हवं असं नाही. काढायला बसलं की नजर आपोआप बारकाव्यांवर जाते.

घोणशीचं डोकं त्रिकोणी आणि मानेपासून स्पष्ट वेगळं, अंग जाड, पाठीवर मोठ्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन लांब रांगा. फुरसं लहान, डोक्यावर बाणाच्या आकाराची फिकट खूण, आणि चिडलं की अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून खरखर आवाज काढणारं. मण्यार काळीभोर, चकचकीत, अंगावर पांढरे बारीक आडवे पट्टे, बहुतेक जोडीजोडीने. नागाबद्दल पुढे सविस्तर येईलच, कारण विरोळ्याची खरी गफलत त्याच्याशीच होते.

आणखी एक सूचना, खास किनारपट्टीवरच्या वाचकांसाठी. पाण्यातला साप म्हणजे बिनविषारी, हा समज गोड्या पाण्यापुरताही धोक्याचा आहे, कारण नाग आणि घोणसही उत्तम पोहतात. समुद्रात आणि खाडीच्या मुखाशी तर तो जीवघेणा ठरू शकतो. समुद्रसाप विषारी असतात. त्यांची शेपटी बाजूंनी चपटी असते. रापणीत, जाळ्यात आलेला साप "पाण्यातलाच आहे" म्हणून हाताने काढू नका.

पायरी दुसरी: कुठे आणि कधी पाहायचं

जिथे बेडूक आणि छोटे मासे असतील, तिथे विरोळा असण्याची शक्यता धरावी. ओढ्याचे डोह, पाटाच्या कडा, भाताची खाचरं, दगडी बांधणीच्या जुन्या विहिरी, गावतळी, शहरात नाल्याचे गवताळ काठ. स्वच्छ, खळाळतं पाणीच लागतं असं मुळीच नाही. संथ आणि गढूळ पाण्यातही तो मजेत राहतो.

थंडीत सकाळचं ऊन वर आलं की तो काठावरच्या दगडावर किंवा पाण्यावर वाकलेल्या फांदीवर अंग तापवत पडलेला असतो. नवख्यासाठी ही सगळ्यात चांगली वेळ, कारण साप स्थिर असतो आणि उजेड भरपूर असतो. उन्हाळ्यात ओढे आटत जातात, उरलेल्या डोहात मासे दाटीने गोळा होतात आणि त्यांच्यामागे विरोळेही. मे महिन्यात एखाद्या आटत्या डोहाकाठी न बोलता बसून राहा. पाण्यावर नुसतं डोकं आणि नाकपुड्या वर काढून तरंगणारा साप दिसण्याची चांगली शक्यता असते. त्याच्या नाकपुड्या किंचित वरच्या बाजूला असल्यामुळे त्याला असं लपून श्वास घेता येतो.

मग पाऊस. कोकणात पहिल्या पावसानंतर चढणीचे मासे पकडायला माणसं बॅटऱ्या घेऊन रात्री ओहोळावर जातात. मासे जिथे चढतात तिथे विरोळाही येणारच. तो रात्रीही तितकाच जागा असतो. अशा वेळी त्याच्यावर पाय पडणं किंवा पाण्यात हात घालताना तो हाताला लागणं सहज घडतं. म्हणून रात्री जाणार असाल तर गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणि चांगल्या उजेडाची बॅटरी हवी, आणि एकट्याने जायचं नाही. गमबूट विरोळ्यासाठी नाहीत. त्याच बांधावर त्याच वेळी घोणस आणि मण्यारही फिरत असतात, म्हणून.

पायरी तिसरी: तोंड पाहा, मग पाठ

जमली तर दुर्बीण घ्या. पक्षीनिरीक्षणाची साधी दुर्बीण चालते. नसेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्यात दृश्य मोठं करून पाहा. किमान दोन मीटर अंतर ठेवा. हे अंतर तुमच्यासाठी आहे, तितकंच त्याच्यासाठीही.

पहिली नजर डोळ्याखाली. विरोळ्याच्या डोळ्यापासून दोन ठळक काळ्या तिरप्या रेषा निघतात. एक डोळ्याच्या खालून वरच्या ओठाकडे उतरते, दुसरी डोळ्याच्या मागून जबड्याच्या कोपऱ्याकडे जाते. अंगाचा रंग कितीही बदलला तरी या दोन रेषा साधारणपणे टिकतात. मला विचाराल तर ओळखीच्या बाकी सगळ्या खुणा एका बाजूला आणि या दोन रेषा दुसऱ्या बाजूला. डोळा मोठा, बाहुली गोल. घोणशीची बाहुली उभी असते. पण नाग आणि मण्यार यांच्या बाहुल्याही गोलच असतात, म्हणून "गोल बाहुली म्हणजे बिनविषारी" हा इंटरनेटवर फिरणारा नियम आपल्या देशात वापरू नका.

मग पाठ. पिवळसर, हिरवट किंवा तपकिरी अंगावर काळे ठिपके एका आड एक बसलेले असतात, त्यामुळे पाठ बुद्धिबळाच्या पटासारखी दिसते. काहींत ही नक्षी ठसठशीत असते, काहींत जवळपास पुसलेली. काहींच्या बाजूंना तांबूस झाक असते. एकाच ओढ्यात दोन वेगळ्या जातींचे वाटावेत असे दोन विरोळे भेटतात, इतका हा रंगाने बदलता साप आहे. पाठीच्या मधल्या खवल्यांवर बारीक कणा, म्हणजे उंचवट्याची रेघ, असतो, त्यामुळे पाठ खरखरीत दिसते, मण्यारीसारखी काचेरी चमक तिला नसते. पोट पांढरट किंवा पिवळसर. बहुतेक प्रौढ दोन ते तीन फुटांचे. पण मादी नरापेक्षा मोठी होते आणि पावणेसहा फुटांच्या आसपास लांबीच्याही नोंदी आहेत.

इतर बिनविषारी सापांशी होणारी गल्लतही सांगून ठेवतो. धामणीच्या ओठांवर बऱ्याच उभ्या काळ्या रेघा असतात, विरोळ्याच्या फक्त त्या दोन तिरप्या. नानेटीच्या पाठीवरून दोन फिकट पिवळसर पट्टे शेपटीपर्यंत जातात. गवत्या हिरवा असतो. पाठीवर काहीच नक्षी नसलेला, हिरवट तपकिरी रंगाचा आणखी एक पाणसाप आपल्याकडे आहे, तोही निरुपद्रवी. यांत गोंधळ झाला तर काही बिघडत नाही. गोंधळ विषारी सापाशी होत असेल तर मात्र निर्णय एकच: तो विषारी आहे असं धरून मागे सरकायचं.

पायरी चौथी: राग वाचायला शिका

विरोळ्याला बहुतेक वेळा पळायचंच असतं. पाणी जवळ असेल तर तुम्ही पोहोचायच्या आत तो डुबकी मारतो. तो उभा राहतो तेव्हा एकतर त्याची वाट अडलेली असते, किंवा तो पाण्यापासून लांब उघड्यावर सापडलेला असतो.

अशा वेळी तो पुढचं अंग उचलतो आणि मान चपटी करतो. लांबून पाहणाऱ्याला तो फणाच वाटतो. फरक असा की नागाचा फणा रुंद आणि स्पष्ट काठाचा असतो, कारण मानेतल्या लांब बरगड्या कातडी ताणून धरतात. आपल्याकडच्या नागाच्या फण्याच्या मागच्या बाजूला बहुधा दहाच्या आकड्याची खूणही असते. विरोळ्याची मान नुसतीच चपटी आणि जराशी रुंद होते, तिच्यावर खूण नसते, नेहमीचे काळे ठिपकेच असतात. काही नागांच्या फण्यावर मात्र खूण फिकट असते किंवा नसतेच. म्हणून नुसत्या खुणेवर भरवसा ठेवायचा नाही. पुन्हा डोळ्याखालच्या त्या दोन रेषांकडे जायचं.

यानंतर तो जोरात तोंड मारतो, कधी अंग जमिनीवरून उचलून झेपावतो. पकडलाच तर कडकडून चावतो आणि गुदद्वाराजवळच्या ग्रंथींतून उग्र वासाचा द्रव सोडतो. शेपटी धरली तर ती तुटूही शकते. पालीची शेपटी पुन्हा वाढते, विरोळ्याची वाढत नाही. मोबाइलवर व्हिडिओ काढायला शेपटीला धरून साप उचलणारे हौशी लोक जागोजाग दिसतात, त्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं. बगळे, घारी, सर्पगरुड, मुंगूस, इतकंच काय नागही ज्याला खातो, अशा सापाजवळ विषाविना उरतं काय? हे नागाचं सोंग आणि तो वास. त्याने हे सोंग आणलं की दोन पावलं मागे या आणि पाण्याची बाजू मोकळी करा. तो निघून जातो.

पायरी पाचवी: घरात आला तर

पावसात न्हाणीघरात, अंगणातल्या हौदात, तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये विरोळा येतो. बेडकांमागे येतो, किंवा पाणी चढलं म्हणून येतो. डूख धरून तो येत नाही. त्याच जागी पुन्हा दिसला तर तिथे बेडूक किंवा ओल आहे, एवढाच त्याचा अर्थ.

मुलांना आणि कुत्र्या-मांजरांना दुसऱ्या खोलीत न्या. एका माणसाने लांबून सापावर नजर ठेवावी, कारण साप दिसेनासा झाला की पुढचं सगळं अवघड होऊन बसतं. बाहेर जाणारं दार सताड उघडा, आतली दारं लावून खाली ओलं फडकं कोंबा. पुष्कळदा तो स्वतःच निघून जातो. न गेल्यास ओळखीच्या सर्पमित्राला, नाहीतर वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर फोन करा. फिनेल, रॉकेल, कीटकनाशक अंगावर ओतू नका. त्याने साप हाल होऊन मरतो किंवा सैरावैरा होऊन माणसांकडे येतो. सर्पमित्राने साप पकडल्यावर तो जवळच्याच पाण्याकाठी सोडायला सांगा. पन्नास किलोमीटरवरच्या जंगलात नेऊन सोडणं त्याच्यावर उपकार नाहीत.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ या कायद्याने विरोळ्याला संरक्षण आहे. त्याला मारणं, पकडून ठेवणं, पाळणं गुन्हा आहे. गारुड्याच्या टोपलीतल्या सापालाही हेच लागू.

पायरी सहावी: विहीर आणि जाळी

विहिरीत विरोळा दिसला की "पडलाय, वाचवा" असे फोन येतात. दगडी बांधणीच्या विहिरीत, जिथे कपारी आहेत, मासे आणि बेडूक आहेत, तिथे तो पडलेला नसतो, राहत असतो. त्याला राहू द्या. प्रश्न येतो तो गुळगुळीत सिमेंटच्या कड्यांच्या विहिरीत आणि प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात. तिथे आधार मिळत नाही आणि पोहून पोहून साप थकतो. उपाय स्वस्त आहे: सुंभाचा जाड दोर किंवा गोणपाट गुंडाळलेला लांब बांबू काठावरून पाण्यापर्यंत तिरपा सोडून ठेवा आणि तो कायमचा तिथेच राहू द्या. साप, बेडूक, खार, सगळ्यांना त्यावरून वर येता येतं. प्रत्येक शेततळ्याला असा एक बांबू असायला हवा असं मला मनापासून वाटतं. सापासाठी विहिरीत मात्र उतरू नका. खोल विहिरीत विषारी वायू साचलेला असू शकतो.

तंगुसाची, म्हणजे बारीक नायलॉन धाग्याची, जाळी हे विरोळ्याचं आजचं मोठं संकट आहे. माशांमागे तो जाळ्यात शिरतो, धागा खवल्यांत रुततो आणि वर येता न आल्याने तो पाण्याखालीच गुदमरतो. मासेमारी करत असाल तर जाळी रात्रभर तशीच टाकून न जाता अधूनमधून उचलून पाहा, आणि फाटलेली जाळी ओढ्यात सोडून देऊ नका. अडकलेला जिवंत साप दिसला तर जाळीसकट त्याला सावलीत ठेवून सर्पमित्राला बोलवा. रुतलेला धागा ओढला तर कातडी फाटते. तो बारीक कात्रीने कापावा लागतो आणि ते काम सवयीच्या हातांनीच करावं.

पायरी सातवी: चावलाच तर

विरोळ्याचे दात बारीक, टोकदार, मागे वळलेले असतात. निसटते मासे धरून ठेवण्यासाठी ते आहेत. त्यामुळे चावा ओरखड्यांसारखा, अर्धवर्तुळाकार रांगेत उमटतो आणि आकाराच्या मानाने रक्त बरंच येतं. ते पाहून माणूस घाबरतो. हात झटकून साप ओढून काढला तर जखम आणखी फाटते, म्हणून त्याला सोडायला एक क्षण द्या.

ओळख शंभर टक्के पक्की असेल, म्हणजे साप नीट पाहिलेला असेल आणि जाणकाराने खात्री केलेली असेल, तरच हा साधा चावा समजायचा: वाहत्या पाण्याखाली साबणाने भरपूर धुवा, स्वच्छ कापडाने दाबून रक्त थांबवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी डॉक्टरांकडे जा. ओढ्याचं पाणी घाण असतं, त्यामुळे जखम चिघळू शकते. पुढचे काही दिवस सूज आणि पू यांकडे लक्ष ठेवा.

खात्री नसेल तर चावा विषारी समजून थेट दवाखाना. अंगठी, बांगडी, घड्याळ काढा, चावलेला अवयव हलवू नका, रुग्णाला चालवू नका, १०८ ला फोन करा. आवळून बांधणं, चिरा देणं, चोखणं, बर्फ, मांत्रिक यातलं काहीही करू नका. "दोन दातांच्या खुणा नाहीत, म्हणजे बिनविषारी" असं कोणी म्हटलं तरी ऐकू नका. मण्यारीच्या चाव्याची खूण कधीकधी दिसतही नाही आणि वेदनाही जाणवत नाही. आपल्याकडचं प्रतिसर्पविष, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, वरच्या चारही विषारी सापांवर चालतं, त्यामुळे साप मारून किंवा पकडून दवाखान्यात नेण्याची गरज नाही. लांबून फोटो मिळाला तर ठीक, त्यासाठी एक मिनिटही घालवू नका.

पायरी आठवी: अंडी सापडली तर

फेब्रुवारी ते जूनच्या दरम्यान मादी बांधातल्या बिळात, उंदरांच्या किंवा खेकड्यांच्या जुन्या भोकांत अंडी घालते. एका वेळी बहुधा तीस ते सत्तर, क्वचित त्याहूनही जास्त. मादी अंड्यांजवळ थांबल्याच्या नोंदी आहेत, म्हणून बिळात हात घालू नका. पिल्लं बाहेर येतात तेव्हा पाणी वाढलेलं असतं आणि बेडकांची लाख पिल्लं त्यात वळवळत असतात. त्यांचं पहिलं जेवण तेच.

बांध दुरुस्त करताना, तळं खणताना ही पांढरी, मऊ कवचाची, एकमेकांना चिकटलेली अंडी फावड्याबरोबर वर येतात. सगळ्याच सापांची अंडी साधारण अशीच दिसतात, त्यामुळे ती विरोळ्याचीच आहेत असं नुसत्या अंड्यांवरून ठरवू नका, आणि आजूबाजूला मादी आहे का ते आधी पाहा. काम तिथून हातभर पुढे सरकवता आलं तर उत्तम: तीच माती परत लोटा, वर पालापाचोळा घाला, खूण म्हणून काठी रोवा आणि दोन-तीन महिने ती जागा सोडून द्या. तसं जमत नसेल तर १९२६ वर कळवा आणि माणूस येईपर्यंत अंडी उन्हातून वाचवा. कोंबडीच्या अंड्याप्रमाणे ती फिरवायची नसतात. आतला जीव वरच्या बाजूला चिकटलेला असतो, उलटं केलं तर मरतो. चिकटलेला पुंजका सुटा करू नका. जी बाजू वर होती तिच्यावर मऊ पेन्सिलीने हलकी खूण करा, त्याच जागेची ओलसर माती डब्यात घेऊन त्यात अंडी तशीच ठेवा, झाकणाला भोकं पाडा आणि डबा सावलीत ठेवा.